सैतान कोणी ठरवला? 'ॲबी' आणि सत्तरच्या दशकातले काळे भयपट

'पझेशन' हा इंग्रजी शब्द आपल्या वस्तीतल्या आजीबाईलाही ठाऊक असतो. पुनर्वसनाची इमारत उभी राहते, चिठ्ठीत नाव निघते, पण खोलीचे पझेशन कधी मिळणार हे कोणी सांगत नाही. पझेशन म्हणजे ताबा. याच शब्दाचा इंग्रजीत दुसरा अर्थ आहे भूत किंवा सैतान माणसाच्या अंगात शिरणे. तिसरा अर्थ, मालकीची चीजवस्तू. अमेरिकेत १८६५ पर्यंत लाखो काळी माणसे या तिसऱ्या अर्थाने गोऱ्या मालकांचे पझेशन होती. त्यांना विकता येत होते, गहाण ठेवता येत होते, मृत्युपत्रात मुलांच्या नावे लिहून देता येत होते. त्यांचेच वंशज १९७० च्या दशकात पडद्यावर दुसऱ्या अर्थाच्या पझेशनची गोष्ट सांगू लागले, तेव्हा तिसरा अर्थ त्यांच्या मनातून गेलेला असेल, हे मला पटत नाही. आजचा लेख त्या सिनेमांवर आहे.

आधी एक खुलासा. आमच्या अभ्यासवर्गात मी 'ॲबी' हा १९७४ चा अमेरिकन भयपट दाखवायचे ठरवले, तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने सरळ विचारले, "बाळ, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात आता भुताखेताचे सिनेमे दाखवणार का तुम्ही?" त्यांचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. बाबासाहेबांनी आत्माच नाकारला, मग अंगात शिरायला उरले काय? वस्तीत काम करताना 'बाहेरचे' झाले म्हणून मांत्रिकाकडे नेलेल्या आणि दवाखान्यात उशिरा पोहोचलेल्या बाया मी पाहिल्या आहेत. त्यामुळे भूत खरे की खोटे हा माझ्यासाठी प्रश्नच नाही. प्रश्न असा आहे की भूत कोणते, देव कोणता, हे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हातात असतो. आणि हा प्रश्न आपल्याकडे जोतीरावांनी १८७३ मध्येच विचारून ठेवला आहे. त्याकडे पुढे येतो.

हे सिनेमे निघाले कसे? १९७१ मध्ये मेल्विन व्हॅन पीबल्स या काळ्या दिग्दर्शकाने मोठ्या स्टुडिओच्या बाहेर राहून, पैसे जमवून, उसने घेऊन 'स्वीट स्वीटबॅक' काढला. गोऱ्या पोलिसांना मारून पळालेला काळा नायक शेवटपर्यंत सापडत नाही, एवढीच त्याची गोष्ट. ब्लॅक पँथरचे नेते ह्युई न्यूटन यांनी पक्षाच्या मुखपत्रात त्यावर लांबलचक लेख लिहिला. त्याच वर्षी 'शाफ्ट' आला आणि अडचणीत असलेल्या एमजीएम कंपनीच्या तिजोरीत पैसा आला. मग हॉलिवूडला साक्षात्कार झाला की काळा प्रेक्षकही तिकीट काढतो! थोड्या भांडवलात, पंधरा-वीस दिवसांत चित्रीकरण उरकून, शहरांच्या मध्यवस्तीतल्या जुन्या थिएटरांसाठी सिनेमे निघू लागले. कलाकार काळे, प्रेक्षक काळे, आणि गल्ला बहुतेक वेळा गोऱ्यांचा.

१९७२ मध्ये 'नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल' या संघटनेच्या हॉलिवूड शाखेचे प्रमुख ज्युनियस ग्रिफिन यांनी या लाटेला 'ब्लॅक्सप्लॉयटेशन' म्हटले. काळ्यांचे शोषण करणारा सिनेमा. त्यांचे म्हणणे होते की दलाल, गुंड आणि गर्दचे व्यापारी हेच आमच्या पोरांपुढे नायक म्हणून ठेवले जात आहेत. उलट बाजूने अनेक काळे नट-नट्या म्हणत होते की आजवर आम्हाला मोलकरणीची आणि ड्रायव्हरची कामे मिळत होती, आता कुठे नाव श्रेयनामावलीत वर आले, तेही बंद करायचे का? हा वाद आपल्याला ओळखीचा वाटायला हवा. त्याच १९७२ मध्ये मुंबईत अमेरिकेतल्या पँथरांचे नाव घेऊन दलित पँथर उभी राहिली, आणि त्याच वर्षी 'गोलपिठा' आला. त्यातल्या भाषेने कोणाकोणाचे कान किटले, आणि त्यात फक्त सदाशिव पेठेचेच कान नव्हते, हे आपल्याला माहीत आहे. आपली 'चांगली' बाजूच जगापुढे यावी ही तळमळ खोटी नसते. पण ती तळमळ कोणाकोणाला गप्प बसवते, हेही पाहावे लागते.

१९७२ मधलाच 'ब्लॅक्युला'. नावावरून फालतू वाटतो, आणि मूळ पटकथा फालतूच होती. तिच्यात नायकाचे नाव होते अँड्र्यू ब्राऊन. रेडिओवर काळ्यांची टिंगल करणाऱ्या एका प्रसिद्ध मालिकेतल्या पात्राचे हे नाव. मुख्य भूमिका विल्यम मार्शल या नटाला मिळाली. शेक्सपिअरचा ऑथेल्लो गाजवलेला, खर्जातल्या आवाजाचा, सहा फुटांहून उंच माणूस. त्याने हे नाव स्वीकारायला नकार दिला आणि पात्राला पूर्वेतिहास मिळवून दिला. मग पडद्यावर आला तो मामुवाल्दे नावाचा आफ्रिकी राजपुत्र. १७८० मध्ये तो ड्रॅक्युलाच्या वाड्यावर जातो, कशासाठी? गुलामांचा व्यापार थांबवायला मदत मागण्यासाठी. ड्रॅक्युला त्याचा अपमान करतो, त्याला चावतो, आणि चावून झाल्यावर नवे नाव देतो: ब्लॅक्युला. म्हणजे मालकाच्या नावाचेच विटंबन. माल्कमने आडनावाच्या जागी 'एक्स' का लावला हे ज्याला समजले, त्याला हा प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. ज्यांची नावे दगड्या, धोंड्या, कचऱ्या अशी दुसऱ्यांच्या सोयीने ठरत आली, त्यांना तर अजिबात नको. सिनेमाचा दिग्दर्शक विल्यम क्रेन हा तरुण काळा मुलगा होता, हेही नोंदवून ठेवतो.

डिसेंबर १९७३ मध्ये 'द एक्झॉर्सिस्ट' आला आणि सगळे गणित बदलले. थिएटरांबाहेर रांगा लागल्या, लोक बेशुद्ध पडल्याच्या बातम्या आल्या. गोष्ट आहे वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन भागातली. एका नटीची बारा वर्षांची मुलगी झपाटली जाते, दोन कॅथलिक पाद्री सैतान उतरवतात. आता थोडे समाजशास्त्र. १९७० च्या जनगणनेत वॉशिंग्टन शहराची ७१ टक्के लोकसंख्या काळी होती. खुद्द जॉर्जटाऊनमध्ये काळ्यांची जुनी वस्ती होती, चर्च होती, दफनभूमी होती. १९३० च्या दशकापासून घरांच्या किमती आणि कायदे यांच्या जोरावर ती माणसे तिथून हलवली गेली. सिनेमात त्या शहराची ही बहुसंख्य माणसे जवळजवळ दिसतच नाहीत. घरावर बाहेरून काहीतरी ताबा मिळवते आहे याची भीती मात्र पुरेपूर दिसते. आणि ते 'बाहेरचे' येते कुठून? इराकमधून. उत्खननात सापडलेल्या मेसोपोटेमियाच्या जुन्या दैवताकडून. गोऱ्या घरात शिरणारा सैतान परदेशी, पूर्वेचा, आपल्यासारख्याच कोणाच्या तरी मुलखातला असतो. असो.

ब्लॅक्युला काढणारी 'अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स' ही स्वस्तातले सिनेमे काढणारी कंपनी गप्प बसणे शक्य नव्हते. बरोबर एका वर्षाने, डिसेंबर १९७४ मध्ये, त्यांनी 'ॲबी' आणला. दिग्दर्शक विल्यम गर्डलर, केंटकी राज्यातल्या लुईव्हिलचा गोरा तरुण. चित्रीकरणही लुईव्हिललाच. एक्झॉर्सिस्टच्या यशावर पोळी भाजून घ्यायची, हा हेतू कोणी लपवला नव्हता.

गोष्ट अशी. डॉ. गार्नेट विल्यम्स हे धर्मशास्त्राचे आणि पुरातत्त्वाचे अभ्यासक. भूमिकेत पुन्हा विल्यम मार्शल. नायजेरियातल्या एका गुहेत त्यांना कोरीव पेटी सापडते, ती उघडताच वावटळ सुटते. ती असते एशू. इकडे लुईव्हिलमध्ये त्यांचा पाद्री मुलगा एमेट आणि सून ॲबी नव्या घरात राहायला आलेले असतात. ॲबीचे काम केले आहे कॅरोल स्पीडने. ॲबी म्हणजे सभ्य काळ्या मध्यमवर्गाचा आरसाच. चर्चमध्ये गाणारी, जोडप्यांना संसाराचा सल्ला देणारी, हसतमुख. स्वयंपाकघर टापटीप, आई समाधानी, भाऊ पोलिसात. एशू तिच्या अंगात शिरतो आणि तिचा आवाज घोगरा, पुरुषी होतो. स्वयंपाकघरात चाकू स्वतःवरच चालवते. सल्ला घ्यायला आलेल्या जोडप्याला अर्वाच्य बोलते. नवऱ्याला लाथ घालते. रात्री बारमध्ये जाऊन पुरुष गाठते. शेवटी सासरे नायजेरियाहून येतात आणि एका नाइट क्लबमध्येच तिच्या अंगातले उतरवतात.

एशू कोण? योरुबा लोकांचा तो देव आहे, आणि साधासुधा नाही. चौरस्त्याचा रखवालदार, माणसे आणि देव यांच्यामधला निरोप्या. आधी त्याचा मान, मग इतरांचा. त्याने निरोप पोहोचवलाच नाही तर बाकीच्या देवांना नैवेद्य कळतच नाही. खोडकर आहे, माणसांना गोंधळात टाकतो, पण दुष्टतेचा पुतळा नाही. गुलाम म्हणून जहाजात कोंबलेली माणसे त्याला समुद्रापार घेऊन गेली. क्युबात तो एलेग्वा झाला, ब्राझीलमध्ये एशूच राहिला, हैतीत त्याचा भाऊबंद लेग्बा आहे.

मग तो सैतान कधी झाला? एकोणिसाव्या शतकात बायबलचे योरुबा भाषांतर होत होते, तेव्हा 'सैतान' या शब्दासाठी योरुबात शब्द नव्हता, कारण ती कल्पनाच नव्हती. भाषांतरात तिथे 'एशू' लिहिले गेले. हे काम ज्यांनी केले ते सॅम्युएल अजाई क्राउदर स्वतः योरुबा होते. १८२१ मध्ये लहानपणी गुलाम म्हणून पकडले गेलेले, ब्रिटिश नौदलाने सोडवलेले, पुढे १८६४ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झालेले. गुलामीतून सुटलेल्या माणसाच्याच लेखणीने त्याच्या वाडवडिलांचा देव सैतान झाला! क्राउदर यांना शिव्या देऊन काही मिळणार नाही. ज्या धर्माने त्यांना माणूस म्हणून जागा दिली, त्या धर्माची भाषा त्यांनी घेतली. त्या भाषेत चौरस्त्यावरच्या खोडकर देवासाठी दुसरी जागा शिल्लक नव्हती.

इथे जोतीराव आठवल्याशिवाय राहत नाहीत. 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे पाठ्यपुस्तकातही असते. पण त्या पुस्तकात ते करतात काय? पुराणांतले राक्षस, दैत्य, असुर यांना भुते म्हणून न घेता इथली मूळची, हरवली गेलेली माणसे म्हणून वाचतात. बळी हा राजा. म्हसोबा हा 'महासुभा', बळीच्या राज्यातला अधिकारी. आजचा इतिहासकार त्यांची प्रत्येक व्युत्पत्ती मान्य करणार नाही, करायलाच हवी असेही नाही. महत्त्वाचे आहे ते वाचण्याचे तंत्र: ज्याला राक्षस म्हटले आहे त्याच्या बाजूने उभे राहून गोष्ट पुन्हा ऐकायची. 'ॲबी' या तंत्राने पाहिला तर गुहेतली पेटी वेगळीच दिसते. शतकानुशतके बंद करून ठेवलेली आठवण, आणि ती पहिल्यांदा कोणाच्या अंगात शिरते? ज्या घराने चर्चची सभ्यता सगळ्यात मनापासून अंगिकारली आहे, त्या घरातल्या सुनेच्या.

सिनेमा करणाऱ्यांना हे सगळे अभिप्रेत होते का? गर्डलरला नसावे. मार्शलला मात्र होते. योरुबा धर्माची माहिती त्याने स्वतः मिळवली होती, पटकथेत बदल सुचवले होते, आणि जेवढे हवे होते तेवढे झाले नाहीत म्हणून तो नाराजही होता. जे झाले त्यातले एक शेवटच्या प्रसंगात दिसते. सैतान उतरवताना डॉ. विल्यम्स पाद्र्याच्या कॉलरसोबत आफ्रिकी दाशिकी घालतात. ते केवळ येशूचे नाव घेत नाहीत, योरुबा देवतांविषयी बोलतात आणि त्या शक्तीला तोंडावर सांगतात की तू एशू नाहीसच, त्याचे नाव चोरणारे क्षुद्र पिशाच्च आहेस. एवढ्याशा जागेत मार्शलने देवाला सैतानाच्या नावातून सोडवून घेतले. पोळी भाजायला काढलेल्या सिनेमात एका नटाने हे घुसवले, याचे मला फार कौतुक वाटते.

पण ॲबीचे काय? इथे माझे आणि या सिनेमाचे चाहते असलेल्या मंडळींचे पटत नाही. काही जण म्हणतात, झपाटलेली ॲबी हीच खरी मुक्त बाई. मला हे घाईचे वाटते. अंगात आल्यावर ती जे काही करते, त्यातले किती तिचे स्वतःचे आहे? तिच्या तोंडून येणारा आवाजसुद्धा एका पुरुष नटाचा आहे. काळी बाई म्हणजे अनावर वासना, ही गोऱ्या मालकांनी मळ्यांमध्ये स्वतःच्या अत्याचारांवर पांघरूण घालण्यासाठी रचलेली गोष्ट. सिनेमा तीच पुन्हा विकतो. दुसऱ्या बाजूला तिला वाचवणारे कोण? सासरा, नवरा, भाऊ. तीन पुरुष तिच्याभोवती उभे राहून ती नेमकी कोणाची, हे ठरवतात. सिनेमा संपताना ती पुन्हा हसतमुख पाद्रीणबाई झालेली असते. काळ्या चळवळीतल्या स्त्रियांना त्या काळात आपल्याच पुरुषांशी जे भांडण करावे लागत होते, त्याची सावली इथे आहे, पण उजेड नाही.

आपल्याकडे भाषेतच एक फरक आहे. देव 'अंगात येतो', भूत 'लागते'. ज्या बाईच्या अंगात येते तिला 'देवीचे झाड' म्हणतात. हैतीत तिला 'घोडा' म्हणतात, देव तिच्यावर स्वार होतो. झाड काय, घोडा काय, दोन्ही मुके. पण एरवी घरात तोंड न उघडणारी बाई त्या तासाभरात सासूला खडसावते, नवऱ्याकडून वचन घेते आणि पाटलालाही पाया पडायला लावते, हे मी गावाकडे पाहिले आहे. समाजशास्त्राच्या वर्गात याला प्रतिकार म्हणायला शिकवले. मला तेव्हाही वाटले आणि आताही वाटते की ज्या प्रतिकाराची सकाळी आठवणच राहत नाही, त्यावर आपल्याला थांबता येणार नाही. बाईला स्वतःच्या आवाजात, शुद्धीत, दिवसाउजेडी बोलता आले पाहिजे.

आता सिनेमाचे पुढे काय झाले ते. 'ॲबी'ला गर्दी झाली. 'एक्झॉर्सिस्ट'ची मालक कंपनी वॉर्नर ब्रदर्सने नक्कल केल्याचा दावा ठोकला आणि जेमतेम महिनाभर चाललेला सिनेमा थिएटरांतून काढून घेतला गेला. तेव्हा एक्झॉर्सिस्टची नक्कल सगळेच करत होते. 'बियॉन्ड द डोअर' या इटालियन नकलेवरही वॉर्नरने खटला भरला. पण तो चित्रपट चालत राहिला आणि भरपूर पैसा करून गेला. न्यायालयाने रंग पाहून निकाल दिला असे मी म्हणणार नाही. एवढेच म्हणतो की काळ्या कलाकारांचा सिनेमा गायब झाला आणि इटालियन सिनेमा राहिला. पुढची कित्येक वर्षे 'ॲबी' झिजलेल्या, रंग उडालेल्या प्रतींवरूनच लोकांनी पाहिला. आम्ही पाहिला तोही तसाच. मार्शलचा चेहरा कित्येक ठिकाणी नुसता तांबडा डाग दिसतो.

त्या लाटेतला दुसरा महत्त्वाचा चित्रपट 'जे. डी.ज रिव्हेंज', १९७६ चा. न्यू ऑर्लिन्समध्ये टॅक्सी चालवून कायद्याचे शिक्षण घेणारा आयझॅक हा तरुण. गंमत म्हणून क्लबमध्ये संमोहनाच्या खेळात बसतो आणि १९४२ मध्ये मारला गेलेला जे. डी. वॉकर हा गुंड त्याचा ताबा घेतो. आयझॅक जुन्या पद्धतीची हॅट घालू लागतो, केस रसायन लावून सरळ करून घेतो. हे सरळ केस साधी गोष्ट नाही. गोऱ्यांसारखे दिसण्यासाठी टाळू भाजून घेण्याच्या त्या प्रकाराबद्दल माल्कम एक्सने आत्मचरित्रात शरमेने लिहिले आहे. वकील होऊ पाहणाऱ्या पहिल्या शिकलेल्या पिढीच्या अंगात बापजाद्यांच्या काळाचा न मिटलेला हिशेब शिरतो. जे. डी.ला न्याय हवा आहे, त्याच्या बहिणीचा खून ज्याने केला त्याचे नाव त्याला चारचौघांत उघड करायचे आहे. मागणी रास्त आहे. पण तो न्याय मिळवताना आयझॅक आपल्या मैत्रिणीवर जो हात टाकतो, तो पाहवत नाही. आपल्यातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधर पोरांनी हा सिनेमा जरूर पाहावा, आणि त्या मैत्रिणीच्या जागी बसून पाहावा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. 'शुगर हिल'मध्ये (१९७४) गुलाम म्हणून आणलेल्यांची प्रेते हातात बेड्यांसह मातीतून उठतात, हे दृश्य सोडले तर फार काही नाही. 'गांजा अँड हेस' (१९७३) ही वेगळीच चीज आहे. निर्मात्यांना काळा व्हॅम्पायर हवा होता, बिल गन यांनी त्यांच्याच पैशात व्यसन, धर्म आणि काळ्या अभिजनांचे एकटेपण यांवर सिनेमा केला. कान महोत्सवात त्याचे प्रदर्शन झाले, आणि मायदेशी निर्मात्यांनी तो कापून, नाव बदलून विकला. त्यावर स्वतंत्र लेख लिहीन.

ही लाट १९७० चे दशक संपायच्या आत ओसरली. काळा प्रेक्षक 'गॉडफादर' आणि 'एक्झॉर्सिस्ट'लाही तितक्याच संख्येने येतो, मग त्याच्यासाठी वेगळा सिनेमा कशाला, असा हिशेब स्टुडिओंनी केला. २०१७ मध्ये जॉर्डन पीलने 'गेट आऊट' केला, तेव्हा तो धागा पुन्हा हाती आला. त्यात गोरे लोक काळ्या तरुणाच्या शरीराचा लिलाव करतात, तोंडाने बोली न लावता, बिंगोच्या कार्डांवर. विकत घेणारा त्याच्या डोक्यात शिरून राहणार असतो. पझेशनचे तिन्ही अर्थ एका प्रसंगात. पीलला मूळ पटकथेचे ऑस्कर मिळाले.

अभ्यासवर्गात 'ॲबी' संपल्यावर ज्येष्ठ कार्यकर्ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो सासरा नट चांगला आहे." बारावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, पेटी सासऱ्याने उघडली, मग सुनेला का लागले?" यावर जी चर्चा झाली ती रात्री साडेदहापर्यंत चालली, आणि बिहाराची किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांनी शेवटी दिवे घालवायला सुरुवात केली. पुढच्या रविवारी 'जे. डी.' दाखवणार आहोत. मारहाणीचे प्रसंग आहेत, लहान मुलांना आणू नये.